विणकाम आणि वाचनासाठी भरपूर उजेडाचा पण न तापणारा दिवा कुठला घ्यावा?

जुई_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी, आईसाठी दिवा घ्यायचाय. बाजारात, ऑनलाइन सगळीकडे बघून डोकं फिरलंय म्हणून इथे विचारते. आई सत्तरीच्या पुढे आहे. तिची खरी बैठक रात्री जेवणं झाल्यावर, आरामखुर्चीत दोन सुया घेऊन, आणि हात दुखले की पुस्तक. शेजारी एक जुना टेबललॅम्प आहे, पत्र्याच्या शेडचा, त्यात ६० वॉटचा पिवळा बल्ब. उजेड बरा पडतो पण शेडला हात लावता येत नाही इतकी तापते आणि कानशिलाला सतत झळ. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये रात्री दहालासुद्धा भिंती गरम असतात, त्यात हे. लॅम्प लांब सरकवला की टाके दिसत नाहीत. भिंतीवरची ट्यूब तिच्या पाठीमागे येते, त्यामुळे तिचीच सावली मांडीवर.

सध्या नातवाचा स्वेटर चालू आहे, गडद निळा आणि त्यात काळी पट्टी. रात्री निळ्या-काळ्यातला फरक कळत नाही म्हणून ती काळ्या गुंड्याला सेफ्टी पिन लावून ठेवते. तर भरपूर उजेड हवा, तापायला नको, आणि रंग नीट दिसायला हवेत. किती वॉट? पांढरा की पिवळा? टेबलावरचा की उभा? बजेट दोन हजारापर्यंत. डोळे नुकतेच तपासलेत, चष्मा नवा आहे.

शेंगाचटणी

सगळ्यात आधी तो ६० वॉटचा काढा. होल्डर तोच, त्यात ९ वॉटचा एलईडी लावा. शंभर-सव्वाशे रुपयांत आजच झळ थांबेल. मग नवीन लॅम्प निवांत शोधा.

हैद्राबाद_रोड

ताई मूळ प्रश्न बाजूला, सोलापुरात स्वेटर कुणासाठी विणायलेत? आपल्याकडं चादर विणतात ओ :)

जुई_जुळेसोलापूर

नातू नाशिकला असतो :) आणि जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठानं फिरून बघा, लागतो की नाही स्वेटर.

निवृत्त_मास्तर

शेंगाचटणी यांचं बरोबर आहे, फक्त कारण सांगतो म्हणजे पुढची खरेदी सोपी जाईल. जुन्या पिवळ्या बल्बात तार तापून लाल-पिवळी होते म्हणून उजेड मिळतो, विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग उष्णताच होतो. आणि ही उष्णता उजेडाच्याच दिशेने फेकली जाते, शेडनं उजेड जिकडे वळवला तिकडेच झळ. एलईडीचं तसं नाही. तोही तापतो, 'एलईडी गरमच होत नाही' असं दुकानदार सांगतात ते खरं नाही, पण त्याची उष्णता मागच्या बाजूला, बुडातल्या धातूत जाते. समोर जो झोत पडतो त्यात झळ जवळजवळ नसते. म्हणून एलईडी हातभर अंतरावर आणता येतो, आणि विणकामाला खरा फायदा तिथंच आहे. उजेडाचा उगम लहान असेल तर अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. चार फुटांवर जे मिळत होतं त्याच्या चौपट दोन फुटांवर, तेही बिल न वाढता.

वॉट बघू नका, खोक्यावर लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलेले असतात ते बघा. ६० वॉटचा जुना बल्ब साधारण ७०० ते ८०० लुमेन देतो, ९ वॉटचा एलईडी ८०० ते ९००. रोज चार तास धरले तर जुना महिन्याला सात युनिटच्या वर खातो, नवा एकाच्या आसपास.

पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीमुळे. लाल आणि हिरवे कधीचे होते, निळा जमेना. तो जमवला आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी, २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळा फॉस्फर, म्हणजे उजेडाचा रंग बदलणारा थर, चढवला की पांढरा उजेड. हे वर्गात सांगताना मला नेहमी आनंद व्हायचा.

शेंगाचटणी

मास्तर, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं.

रंगारी_अक्कलकोट_रोड

अंतराचं पटलं पण ताईंचा अर्धा प्रश्न रंगाचा आहे, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहायलोय. मी एमआयडीसीत प्रोसेस हाऊसला आहे, टॉवेलचं सूत रंगवतो आम्ही. आमच्याकडं रंगाची शेड जुळवायला एक पेटी असते, आत करडा रंग आणि वर चार-पाच जातीचे दिवे. डी ६५ म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, साधारण ६५०० केल्व्हिनचा, हा आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर, लहान तितका पिवळा. टीएल ८४ म्हणजे परदेशातल्या दुकानातल्या ट्यूबसारखा. ए म्हणजे जुना पिवळा बल्ब. आणि एक यूव्ही. एका दिव्याखाली तंतोतंत जुळलेले दोन धागे दुसऱ्याखाली सरळ वेगळे दिसतात. मेटामेरिझम म्हणतात त्याला, आणि त्याच्यापायी अख्खे लॉट परत येतात ओ.

बल्ब घेताना सीआरआय बघा. आदर्श उजेडाच्या मानानं रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००. साधे एलईडी ८० च्या आसपास असतात. रंगीत लोकरीचं काम असेल तर ९० च्या वरचा घ्या, थोडा महाग मिळतो पण मिळतो. खोक्यावर सीआरआय किंवा आरए असं बारीक छापलेलं असतं.

निवृत्त_मास्तर

रंगारी साहेब, एक शंका. जुन्या पिवळ्या बल्बचा सीआरआय तर जवळपास १०० धरतात. मग आईंना त्याखाली निळा-काळा ओळखू का येत नाही?

रंगारी_अक्कलकोट_रोड

बरोबर पकडलं मास्तर. सीआरआय मोजताना तुलना त्याच तापमानाच्या आदर्श उजेडाशी होते, पिवळ्याची पिवळ्याशी, म्हणून बल्बला पूर्ण मार्क. पण त्या उजेडात निळा भाग मुळातच अगदी थोडा असतो. गडद निळ्या धाग्यावर निळा पडलाच नाही तर तो परत काय पाठवणार, काळाच दिसणार. म्हणजे दोन आकडे एकत्र बघायचे. सीआरआय ९० च्या वर आणि रंगाचं तापमान ४००० केल्व्हिन किंवा पुढं. नेव्ही आणि ब्लॅक वेगळे करायला आम्ही पण दिवसाच्या उजेडातच जातो, नाहीतर डी ६५ खाली.

चष्मेवाली

मी डोळे तपासण्याचं काम करते म्हणून थोडं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं आणि तेही निळा प्रकाश अडवतं. पिवळा बल्ब अधिक पिवळसर भिंग, म्हणजे निळ्या-काळ्याचा घोळ दुप्पट. शिवाय बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानानं साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणून आपल्याला 'पुरेसा' वाटणारा उजेड आईला पुरेसा नसतो, आणि ती तक्रार करत नाही कारण हळूहळू सवय झालेली असते.

पण नुसता उजेड वाढवून चालत नाही. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर उघडा बल्ब नजरेसमोर आला की सगळं धुरकट दिसतं. बसल्या जागेवरून बल्ब दिसता कामा नये, फक्त त्याचा उजेड मांडीवर दिसला पाहिजे. आणि बाकी खोली अंधारात ठेवून एकच झोत लावू नका, नजर उचलली की डोळ्यांना दरवेळी नव्यानं जुळवून घ्यावं लागतं. मागची ट्यूब चालू राहू दे.

होटगीरोडकर

६५०० चा पांढरा फक्क उजेड रात्री लावू नका असं माझं मत. हॉस्पिटलात बसल्यासारखं वाटतं आणि झोप उडते. आमच्या वडिलांनी वाचायला तसला लावला होता, बारा वाजेपर्यंत टक्क जागे. पिवळा २७०० चा लावला तर शांत वाटतं.

रंगारी_अक्कलकोट_रोड

वाचायला पिवळा चालतो ओ, कोण नाही म्हणतंय. काळी शाई पांढरा कागद, तिथं कसला रंग ओळखायचाय. विणायला नाही चालत.

चष्मेवाली

दोघांचं खरं आहे. संध्याकाळनंतर जोरदार पांढऱ्या-निळसर उजेडानं झोप लांबते, ते बरोबरच. म्हणून मधला ४००० चा घ्या, खोक्यावर नॅचरल व्हाइट लिहितात. किंवा तीन रंग बदलणारा लॅम्प येतो, बटण दाबलं की पिवळा, मधला, पांढरा. विणताना पांढरा, पुस्तक घेतलं की पिवळा.

उलट_सुलट

अखेर माझ्या आवडीचा धागा! मी लहानपणापासून विणते, आता क्रोशा जास्त. तुम्ही सगळे दिव्याबद्दल बोलताय आणि मी कामाच्या बाजूनं सांगते.

लिहिताना उजव्या हाताच्या माणसाला उजेड डावीकडून हवा असं शाळेत शिकवायचे. विणताना दोन्ही हात चालतात, त्यामुळे एका बाजूनं आला की दुसऱ्या हाताची सावली कामावर. मला सगळ्यात बरा पडतो तो खांद्याच्या वरून, थोडा मागून. मात्र सरळ डोक्यावरून नको. थोडा तिरका पडला की प्रत्येक घराला स्वतःची बारीक सावली मिळते आणि सुलट-उलट ओळखू येतात. सपाट उजेडात सगळं एकसारखं दिसतं, मग निसटलेला टाका चार ओळी वर गेल्यावर सापडतो.

गडद लोकरीसाठी दिव्याइतकाच उपयोग मांडीवरच्या पांढऱ्या कापडाचा. जुन्या पांढऱ्या धोतराचा तुकडा, टॉवेल काहीही चालेल. घरांच्या फटींतून मागचा पांढरा दिसतो आणि घरं मोजता येतात. गडद लोकरीला फिक्या रंगाच्या, लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्या. स्टीलच्या सुया नव्या प्रखर दिव्याखाली चमकतात, ती चमक थेट डोळ्यात येते.

आणि काळी पट्टी सकाळी खिडकीत बसून विणायला सांगा आईंना. रात्री निळा सपाट भाग, नुसत्या सुलट ओळी. मी अशीच वाटणी करते.

जुई_जुळेसोलापूर

उलट_सुलट ताई, पांढऱ्या कापडाचं आजच आईला सांगितलं. ती म्हणाली तिची आईही मांडीवर पंचा घ्यायची, पण तिला वाटायचं लोकर मळू नये म्हणून घेते.

साखर_पेठ

मंडळी थोडं विषयांतर. आमचे आजोबा हातमागावर बसायचे, खड्ड्याचा माग. घरात दिवसासुद्धा अंधार, छपराला एक काच बसवलेली, तिचा उजेड नेमका ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, पडेल अशी मागाची जागा धरलेली. संध्याकाळी बल्ब लावायचे तो वायरला गाठ मारून खाली सोडलेला, धोट्याच्या जरा वर. धागा तुटला की बल्ब हातानं सरकवून तिथं न्यायचा, वायर खिळ्यावरून फिरायची. उन्हाळ्यात त्या बल्बाखाली बसून घामानं भिजलेले असायचे पण बल्ब वर करायचे नाहीत, कारण तुटलेला ताणा दिसला नाही तर कापडात रेघ येणार. आमच्या गल्लीत तेलुगूत गप्पा आणि मागाचा खटखटाट यातच आम्ही अभ्यास केला. आज आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालाय याचा अभिमान आहे, त्यामागं अशा किती डोळ्यांची मेहनत आहे हे इथं लिहावंसं वाटलं.

कुंभारी_हून

साखर_पेठ दादा, तुमचं वाचून आई आठवली. ती विड्या वळायची. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोऱ्यानं बांधायचं, सगळं उंबऱ्यात बसून, कारण उजेड तिथंच. ऊन सरकलं की सूप घेऊन ती पण सरकायची. लाईट असूनही रात्री नको म्हणायची, पिवळ्या उजेडात पानाची शीर दिसत नाही, आणि विडी वाकडी झाली की कारखान्यात छाट निघते, मजुरी जाते. आमच्याकडं सरकारी योजनेतला ९ वॉटचा एलईडी आला, ती उजाला योजना २०१५ मध्ये सुरू झाली होती ना, तेव्हा पहिल्यांदा ती दिवेलागणीनंतर बसायला लागली. मी मात्र म्हणायचो आता रात्री तरी हात थांबू देत.

शेंगाचटणी

दोघांचंही लिहिणं भिडलं. वेगळा धागा काढा, मी रोज येईन वाचायला.

होटगीरोडकर

+१

मोबाईल_रिपेरी

विषयावर येतो. स्वस्त एलईडी घेताना फ्लिकर बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, साध्या ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या आतल्या सर्किटचा, बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला थेट दिसत नाही पण काही जणांचं डोकं दुखतं, डोळे शिणतात. दुकानात मोबाईलचा कॅमेरा चालू करून बल्बाच्या जवळ धरा, शक्यतो स्लो मोशनमध्ये. काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या की तो बल्ब नको. चांगला ड्रायव्हर असेल तर चित्र स्वच्छ येतं. दुसरी परीक्षा, दिव्याखाली सुई भराभर हलवायची, सलग धूसर दिसली तर ठीक, तुटक-तुटक सुया दिसल्या तर फ्लिकर.

आणि खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) आर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून खरा आहे का बघता येतं. एलईडी बल्बांना ही नोंदणी सक्तीची आहे. उघड्यावर टोपलीत विकतात त्यावर नंबरच नसतो.

हैद्राबाद_रोड

लाईट गेल्यावर काय? आमच्या भागात पहिला पाऊस आला की तासभर गुल.

मोबाईल_रिपेरी

यूएसबीवर चालणारा लॅम्प घ्या, पॉवर बँकवर मजेत चालतो. ५ वॉटचा लॅम्प, १०००० एमएएचची बँक, सगळी घट धरूनही पाच-सहा तास जातील. बॅटरी आतच असलेले रिचार्जेबल लॅम्प मला कमी आवडतात, दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते आणि बरेच बदलता येत नाहीत.

वाचनवेडा_नवीपेठ

पावसाचं निघालं म्हणून. पहिल्या पावसानंतर पाखरं येतात, पांढऱ्या उजेडावर जास्त, पिवळ्यावर कमी. माझ्याकडे रंग बदलणारा लॅम्प आहे, त्या दिवसांत पिवळ्यावर ठेवून वाचतो. हिराचंद नेमचंद वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात पाखरू चिरडलं तर मला फार वाईट वाटतं, पुस्तक पुढे दुसऱ्याच्या हातात जायचं असतं.

वाचनासाठी अजून एक, गुळगुळीत कागदाच्या पुस्तकाला लॅम्प समोर ठेवला की पानावर चकाकी येते. बाजूला घेतला की जाते.

क्लिप_क्लिप

गळ्यात घालायचा लाइट घ्या ना ताई. यू आकाराचा असतो, दोन टोकांना एलईडी. मी प्रवासात तोच वापरते. दोन्ही बाजूंनी उजेड, हाताची सावली नाही.

उलट_सुलट

आहे माझ्याकडे, क्रोशाला छान. पण वयस्कर माणसाला रोज दोन-तीन तास मानेवर नको वाटतो, आणि चष्म्याच्या काचेवर खालून उजेड येतो. लाईट गेल्यावर मात्र एकदम कामाचा.

क्लिप_क्लिप

चष्म्याचं लक्षात नव्हतं आलं. मग भिंग लावलेला लॅम्प? गोल दिवा आणि मध्ये मोठं भिंग.

चष्मेवाली

तुटलेला टाका उचलायला किंवा बारीक भरतकामाला चांगला. सलग विणायला नको, एकाच अंतरावर मान धरून बसावं लागतं. घेतला तर दिवसा भिंगावर झाकण किंवा कापड हवंच. ऊन भिंगातून एका जागी गोळा होतं आणि कापड, कागद पेटू शकतो. आपल्या उन्हात, खिडकीजवळ तर अजिबात उघडा ठेवू नका.

निवृत्त_मास्तर

हे फार महत्त्वाचं. उन्हाळ्यात तर विशेष.

जुई_जुळेसोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. शेंगाचटणी यांचं ऐकून त्याच दिवशी ९ वॉटचा लावला, झळ गेली. पण शेड खोल आहे, बुडाकडून बंद, त्यामुळे एलईडीचं बूड चांगलंच तापतंय. चालेल का? आणि नवीन घ्यायचा तर आता मनात असं आहे: लांब दांड्याचा, टेबलाच्या कडेला पकडणारा लॅम्प, ४००० चा, सीआरआय ९० चा बल्ब. उभा फ्लोअर लॅम्प पाहिला, सुंदर आहे, पण उजेड सगळा छताकडे.

निवृत्त_मास्तर

बंद शेडमध्ये एलईडी घालू नका. उजेड देणारा भाग टिकतो, पण बुडातला ड्रायव्हर उष्णतेनं आधी जातो. वरून हवा निघायला भोकं असलेली शेड हवी.

लांब दांड्याचा विचार उत्तम. बल्ब बदलता येईल असाच घ्या. ज्यात एलईडी कायमचा बसवलेला असतो तो बिघडला की बहुतेक वेळा अख्खा लॅम्प टाकावा लागतो. होल्डर बघून घ्या, आपल्याकडे पिनचा बी २२ सर्रास, बऱ्याच टेबललॅम्पना आट्यांचा ई २७ असतो. बल्ब त्याप्रमाणे.

उलट_सुलट

आरामखुर्चीशेजारचं टेबल मजबूत आहे का? दांडा पूर्ण पसरला की हलकं टेबल कलंडतं. नाहीतर भिंतीला बसवायचा दुमडता दांडा मिळतो, तो खुर्चीच्या मागे खांद्याच्या थोडा वर बसवा, जमिनीवर वायरही लोळत नाही. रात्री उठताना वायरीत पाय अडकणं या वयात फार वाईट. स्विच बसल्या जागी हाताला लागला पाहिजे, नाहीतर उठायचा कंटाळा म्हणून माणूस अंधुक उजेडातच विणत राहतं.

रंगारी_अक्कलकोट_रोड

दुकानात जाताना दोन्ही लोकरींचे वीतभर तुकडे घेऊन जावा. दुकानात चारी बाजूंनी दिवे असतात त्यामुळं धागा हातात धरून काही कळत नाही, खोक्याच्या आत किंवा काऊंटरच्या खाली धरायचा, फक्त आपल्या बल्बाचा उजेड पडेल असा. निळा-काळा पटकन वेगळा दिसला तर घ्यायचा. दुकानदार नाही म्हणत नाहीत, आमचे लोक शेड कार्ड घेऊन कुठंही असेच उभे असतात.

जुई_जुळेसोलापूर

भिंतीचा दुमडता दांडाच घेतला, हवा जाणारी शेड, ई २७. आईनं स्वतः दुकानात काऊंटरखाली धागे धरून बघितले, सीआरआय ८० च्या बल्बाखाली 'बहुतेक हा निळा' म्हणाली आणि ९० च्या ४००० वाल्याखाली विचार न करता निळा काढून दिला. दांडा आणि बल्ब मिळून बजेटच्या आत बसलं. खुर्चीच्या डाव्या खांद्याच्या वर बसवलाय, ट्यूबही चालू ठेवतो.

होटगीरोडकर

छान झालं. झोपेचं काय?

जुई_जुळेसोलापूर

रात्री वाचायला जुन्याच लॅम्पमध्ये ५ वॉटचा पिवळा एलईडी लावलाय, शेड पालथी करून भिंतीकडे वळवली, वरून मोकळी आहे आता. साडेनऊनंतर विणकाम बंद, असं तिनंच ठरवलं.

हैद्राबाद_रोड

माझ्या मिसेसला भरतकामासाठी हेच पाहिजे. आमच्याकडं भिंतीला भोक पाडायला घरमालक नाही म्हणतो ओ. काय करावं?

उलट_सुलट

जड बुडाचा टेबललॅम्प घ्या, बुडात लोखंड असलेला, उचलून बघा म्हणजे कळेल. मान वाकणारी हवी आणि वाकवल्यावर तिथंच राहणारी. बरेच स्वस्त लॅम्प आठवड्यात मान टाकतात, दुकानातच दहा वेळा वाकवून बघा. बाकी बल्ब वर रंगारी दादांनी सांगितलाय तोच. भरतकामाला अंतर दीड फुटाच्या आत.